घाणेरी काढायला या, पण पदरचा पैसा नको

नागपुरात गोरेवाडा, अंबाझरीकडे घाणेरी (लँटाना, रानात माजणारं परदेशी झुडूप) काढायला संस्था स्वयंसेवक बोलावतात, पण रोजंदारीवरचे लोक येत नाहीत, कारण रोजी बुडते. अख्खा दिवस मागू नका. सकाळी ६ ते ८ पाळी ठेवा, म्हणजे पुढे ठिय्यावर, मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर, पोहोचता येतं. जाण्यायेण्याचं भाडं आदल्या दिवशीच रोख द्या. ‘आधी बिल आणा’ म्हटलं, की ज्याच्या खिशात भाडंच नाही तो घरी राहतो. शिवाय शेअर ऑटोवाला बिल कुठून देणार? भाडं सगळ्यांना द्या. गरज सिद्ध करायला लावली तर माणूस मागतच नाही.

चामडी हातमोजे, कुदळी, गमबूट संस्थेनेच घ्यावेत. बुटांचे ४ ते १० नंबर ठेवा. बायकांची मापं हमखास राहून जातात. नागपूरचा मे ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाणी, ओआरएस आणि पोहे हवेतच.