नाशिकमध्ये कुटुंबांसाठी काम करायचंय? आधी लिहायला शिका

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, दोन वर्षं हवीतच. फील्डवर्कला महिला-बालकांचं काम करणारी संस्था मागून घ्या, कारण डीआयआर भरायचा सराव तिथेच होतो.

डीआयआर म्हणजे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला घटना अहवाल. तो संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत संस्था भरते आणि दंडाधिकाऱ्यांकडे जातो. नवखे लोक ‘नवरा नेहमी मारतो’ एवढंच लिहून मोकळे होतात. ‘पोळ्याच्या रात्री, स्वयंपाकघरात, लाटण्याने, डाव्या दंडावर, शेजारणीने ओरडणं ऐकलं’ असं लिहा. तारीख आठवत नसेल तर सण, पगाराचा दिवस, पोराची परीक्षा यांवरून काढा. पीडिता ‘हाकलून दिलं’ म्हणाली असेल तर ‘घर सोडले’ लिहू नका. समोरचा वकील तेच दोन शब्द धरून बसतो.

पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, तेव्हा तिला साठ दिवसांचा शब्द देऊ नका. वकिलीही करू नका. बायका-मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून द्या.

सुरगाणा-पेठची कुटुंबं द्राक्षछाटणीला निफाड-दिंडोरीत उतरतात, मग गावच्या पत्त्यावर गृहभेटीला गेलं की कुलूप. पत्ते दोन्हीकडचे घ्या. फोन मात्र मुकादमाचा नको, बातमी संध्याकाळपर्यंत नवऱ्याकडे पोचते. तिच्या विश्वासातल्या एखादीचा नंबर घ्या आणि कोणत्या वेळी फोन चालेल तेही विचारा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, नाहीतर नंतर तिला दगा वाटतो.

पैशांचं म्हणाल तर पीडितेकडून फी घेऊ नका. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींच्या चौकशीसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते आणि तीत बाहेरचा सदस्य लागतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हे काम मिळू शकतं. नियमात स्वयंसेवी संस्थेतून आलेल्या या सदस्याला चौकशीच्या दिवसाला २०० रुपये नि प्रवासखर्च आहे, त्यात चहापाणीच भागेल. कारखान्यात या कायद्याचं प्रशिक्षण दिलं तर त्याचं शुल्क वेगळं ठरवा, लेखी.