फी शून्य, पण कोणासाठी?

दोन देशांतल्या विद्यापीठांची तुलना मांडायला कोणी बसलं की मी फीचा रकाना शेवटी भरायला लावते. आधी विद्यार्थ्याचं नागरिकत्व लिहा. सरकारचं अनुदान सगळ्यांसाठी नसतं. नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत २०२३ च्या शरद सत्रापर्यंत परदेशी मुलांनाही फी नव्हती. आता युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना (म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन सोडून इतरांना) ती द्यावी लागते. फिनलंडने इंग्रजीतल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी हेच २०१७ मध्ये केलं. ‘युरोपात शिक्षण फुकट’ असं बिनधास्त सांगणाऱ्याला कुठलं वर्ष आणि कुठला पासपोर्ट, एवढंच विचारावं.

मग राहण्याखाण्याचा खर्च, तोही फीइतक्याच ठळक अक्षरात. जर्मनीत बहुतेक राज्यांच्या सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-व्युर्टेंबर्ग युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं), पण विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात दाखवावे लागतात. ती फी नव्हे. पैसे तुमचेच, महिन्याला ठरावीक रक्कम हातात येते. राहणीखर्चाचा किमान अंदाज म्हणून मी तोच आकडा धरते.

सगळ्यात जास्त घोळ कर्जात होतो. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवी शिक्षणाची फी वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड. वाचून धडकी भरते. पण ऑगस्ट २०२३ पासून पदवीला लागलेल्यांना सरकारी कर्जाचा हप्ता उत्पन्न वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेल्यावरच, आणि तोही वरच्या रकमेच्या ९ टक्के. ४० वर्षांनी उरलेलं माफ. ती माफी म्हणजे अनुदानच, फक्त उशिरा दिलेलं. म्हणून ‘आज भरायचे’ आणि ‘नंतर फेडायचे’ असे दोन रकाने करा, त्यांची बेरीज करू नका. परदेशी विद्यार्थ्याला मात्र ना ही कमाल मर्यादा, ना हे कर्ज.

अमेरिकेत जाहीर फी हा आकडा मी तरी तक्त्यात घेतच नाही. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या विद्यापीठांना संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचं गणकयंत्र ठेवणं बंधनकारक आहे. कुटुंबाचं उत्पन्न भरलं की शिष्यवृत्ती वजा जाऊन अंदाज मिळतो. पेल अनुदान, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार देतं ते, २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, परत न करायचं, पण परदेशी विद्यार्थ्यांना नाही. त्यामुळे गणकयंत्राचा आकडाही परदेशी मुलाने जसाच्या तसा धरू नये.

सरकारं किती खर्च करतात हे पाहायचं असेल तर ओईसीडीचा (बहुतांश विकसित देशांची आर्थिक संघटना) वार्षिक शिक्षण अहवाल उघडा. तिथले डॉलर क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या त्या देशात तेवढ्या पैशांत काय विकत मिळतं ते पाहून, बदललेले असतात. सरकारांची तुलना करायला ते योग्य. स्वतःच्या खिशासाठी मात्र बँकेचाच विनिमय दर लावा. आणि ‘प्रति विद्यार्थी खर्चा’त संशोधनाचा पैसा धरला आहे का, हे तळटीपेत बघा. संशोधनावर भर देणाऱ्या देशाचा आकडा त्यामुळे फुगतो, वर्गातल्या मुलाला त्यातलं फारसं काही मिळालेलं नसतं.

शेवटी सगळं वर्षांनी गुणा. इंग्लंडची पदवी सहसा ३ वर्षांची, स्कॉटलंड आणि अमेरिकेची ४. फी दरवर्षी वाढणार की प्रवेशाच्या वेळची कायम राहणार, हे विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.