चाल आधी, शब्द नंतर: फॅनी क्रॉस्बीसारखं गाणं कसं लिहायचं

चर्चसाठी किंवा प्रार्थनासभेसाठी कुणी तयार चाल हातात दिली आणि "शब्द बसव ना यावर" म्हटलं की बरेच जण लगेच वही काढतात. थांबा जरा. फॅनी क्रॉस्बी (1820-1915), न्यूयॉर्क राज्यातली मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची) बाई, तान्ही असतानाच नजर गेलेली, हिने 8000 च्या वर गीतं लिहिली आणि ती आधी डोक्यात पूर्ण रचायची, मग दुसऱ्याला सांगून उतरवून घ्यायची.

तर पहिलं काम ऐकणं. 1873 मध्ये तिची मैत्रीण फीबी नॅप, तीही मेथडिस्ट, नवी चाल घेऊन आली, वाजवून दाखवली आणि विचारलं की ही चाल काय म्हणतेय, तर फॅनीने तिथल्या तिथे 'ब्लेसेड अशुरन्स' (धन्य खात्री) हे सुरुवातीचे शब्द दिले. तुम्ही पण चाल फोनवर रेकॉर्ड करून भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही लूपवर ऐका, नुसतं ला ला ला म्हणा, आणि जिथे सूर सगळ्यात जास्त टिकतोय तिथे काय म्हणावंसं वाटतंय ते पकडा. मुखडा तिथेच सापडतो.

मग मीटर, म्हणजे ठोक्यावर अक्षरं बसवणं, खरी मारामारी इथे असते. 'ब्लेसेड अशुरन्स'ची चाल तीन-तीनच्या झोक्यावर आहे, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारी, म्हणजे दर तीनातल्या पहिल्यावर जोर. आता तिथे "मिळाला आता" टाकून बघा, जोर येतो मि वर, ताणला की "मीळाला" ऐकू येतं आणि सगळं हास्यास्पद होतं. त्याऐवजी "लाभला आता, हात तुझा" म्हणा, ला, आ, हा, झा सगळे दीर्घ बरोब्बर ठोक्यावर. ओळीच्या शेवटी आ, ए, ओ ठेवा, तोंड उघडं राहतं, मागच्या बाकावरची आजीपण सूर धरते.

कडव्यांत फार अलंकार नकोत. फॅनीची गीतं साध्या शब्दांत आहेत, कोरस तर एकदा ऐकून पाठ होतो. वहीत लिहायच्या आधी अख्खं गाणं न बघता म्हणून बघा, जी ओळ आठवतच नाही ती खुशाल उडवा.

आणि हो, तिला एका गीताचे एक-दोन डॉलर मिळायचे, पुस्तकात सगळीकडे एकच नाव दिसू नये म्हणून जवळपास 200 टोपणनावं वापरली गेली. हे तेवढं कॉपी करू नका. चाल कुणाची, शब्द कुणाचे, नाव कसं छापायचं हे संगीतकाराशी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून ठरवून घ्या.