जळगाव-धुळ्याहून बव्हेरियात आलात आणि इथल्या तळ्यात डायव्हिंग करायचंय, तर आधी रेग्युलेटर बघा

आपल्याकडचे बरेच जण तारकर्लीला नाहीतर अंदमानला डायव्हिंग शिकून येतात, म्हणजे सव्वीस-अठ्ठावीस डिग्रीचं पाणी, आणि मग इथे जुलैमध्ये वालशेनझे हे बव्हेरियातलं खोल तळं बघतात, वरचं पाणी वीस डिग्री, वाटतं यात काय एवढं. भो, खाली जा मग कळतं. पाणी 4 डिग्रीला सगळ्यात जड असतं म्हणून खोल तळ्यांच्या तळाशी बाराही महिने साधारण तेवढंच तापमान राहतं, आणि वीस-पंचवीस मीटरवर तुम्ही भर उन्हाळ्यातसुद्धा 10 च्या खाली असता.

आता रेग्युलेटरचं, म्हणजे सिलेंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणाऱ्या उपकरणाचं, काय होतं ते समजून घ्या. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की बोटाला गार लागते ना, तेच इथे, फक्त सिलेंडरमधली 200 बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलेंडरला जोडायच्या भागात, एका झटक्यात 10 बारच्या आसपास येते (त्यात पाण्याचा दाब वेगळा मिळवायचा), त्यामुळे आतला धातू शून्याच्या खाली जातो, तिथे पाणी असलं की बर्फ, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा धो धो सुटते. याला फ्री-फ्लो म्हणतात, सिलेंडर बघता बघता रिकामं होतं.

म्हणून सील्ड डायफ्रॅम फर्स्ट स्टेजच घ्या, म्हणजे स्प्रिंगच्या भागात तळ्याचं पाणी शिरतच नाही. एपेक्सचा एमटीएक्स-आर, स्कूबाप्रोचा एमके 17 एव्हो ही या प्रकारातली. सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, धातूचा हीट एक्सचेंजर (पाण्यातली ऊब आत घेणारा भाग) असेल तर चांगलंच. सेकंडहँड घेताना त्यावरचा शिक्का नीट वाचा, ईएन 250 (रेग्युलेटरचं युरोपातलं मानक) च्या पुढे >10°C लिहिलं असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही, कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या. भारतातून आणलेला योकवाला (सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर कडं अडकवून आवळायचा) असेल तर तो इथे तसाही नडतो, इथे सगळीकडे डिनचं, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायचं जोडणीचं, चालतं.

आणि एकच रेग्युलेटर घेऊन थांबू नका, ही माझी खरी कळकळ आहे. इथे सिलेंडरला दोन तोंडांचा व्हॉल्व्ह असतो, दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज लावायच्या, एक गोठली तर तिचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यावर श्वास घ्यायचा, बंद केलेली बहुतेक वेळा थोड्या वेळात सुटते. जॅकेटचा इन्फ्लेटर (तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरणारी नळी) दुसऱ्या फर्स्ट स्टेजवर घ्या, म्हणजे श्वास आणि जॅकेट भरणं दोन्हीचा भार एकीवर येत नाही. खर्च वाढतो, माहितीये, घरी पैसे पाठवायचे असतात, डिपॉझिट भरायचं असतं, तर पहिला सीझन भाड्याने घ्या पण सेट पूर्ण घ्या. व्हॉल्व्ह बंद करायची सवय उथळ पाण्यात इन्स्ट्रक्टरसोबत करा, जाड ग्लोव्ह्ज घालूनच, कारण खाली बोटं तीच असणारेत.

हिवाळ्यात पाण्याबाहेर रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका, पर्जचं (सेकंड स्टेजमधून हवा सोडायचं) बटण दाबून बघू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. जोडायच्या आधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून पाण्याचे थेंब उडवा. सर्व्हिसिंगला देताना सांगा की थंड तळ्यात वापरतो, मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा) त्याप्रमाणे लावून देतात.