माचॅम्पचे तारे नंतर मोजा, आधी त्याचे मूव्ह बघा

संध्याकाळी मशीन बंद केलं की मी आणि माझी लेक ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारतो, पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा गेम खेळत. मी कपडे शिवते. माझ्या मापांच्या वहीची मागची पानं आता पोकेमॉनच्या आकड्यांनी भरली आहेत. त्यातलंच इथे लिहिते आहे. पोकेमॉन चांगला की वाईट हे नेमकं कसं बघायचं, असं नवीन खेळणारी बरीच पोरं विचारतात, आणि बहुतेकांची गाडी ताऱ्यांवरच, म्हणजे गेम पोकेमॉनच्या अंगच्या गुणांना देतो त्या शून्य ते चार ताऱ्यांवरच, अडलेली असते.

माझीही अडली होती. गेल्या पावसाळ्यात मला फोर स्टार माचॉप मिळाला. जपून ठेवलेल्या 125 कँडी घालून त्याला इव्हॉल्व्ह केलं, म्हणजे त्याचं मोठं रूप माचॅम्प केलं, ताकद वाढवायला बराच स्टारडस्ट ओतला आणि दोघी टायरॅनिटारच्या रेडला, म्हणजे ठरलेल्या वेळात मोठ्या पोकेमॉनला हरवायच्या लढाईला, उभ्या राहिलो. 180 सेकंद संपली, तेव्हा टायरॅनिटारची हेल्थ अजून बोटभर शिल्लक होती. घरी येऊन नीट पाहिलं, तर माझ्या माचॅम्पकडे बुलेट पंच आणि हेवी स्लॅम हे मूव्ह, म्हणजे मारायचे डाव, होते. लेकीचे टू स्टार माचॅम्प माझ्यापेक्षा जोरात मारत होते, कारण त्यांच्याकडे काउंटर आणि डायनॅमिक पंच होते. इव्हॉल्व्ह करताना तारे तसेच राहतात, मूव्ह मात्र नव्याने पडतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

याचा हिशोब वहीत असा आहे. प्रत्येक पोकेमॉनला आणि मूव्हला टाइप, म्हणजे प्रकार, असतो, आणि कुठला टाइप कुणावर भारी हे ठरलेलं असतं. टायरॅनिटार रॉक आणि डार्क टाइपचा. बुलेट पंच स्टील टाइपचा, तो रॉकवर 1.6 पट लागतो आणि डार्कवर साधाच. काउंटर फायटिंग टाइपचा, तो दोन्हींवर भारी पडतो, म्हणजे 1.6 गुणिले 1.6, 2.56 पट. शिवाय पोकेमॉनचा आणि मूव्हचा टाइप एकच असेल तर वर 20 टक्के जास्त मिळतात. माचॅम्प फायटिंगच, म्हणून काउंटर 3.07 पट. एकीकडे 1.6, दुसरीकडे 3.07. मूव्हची मूळ ताकद तर मी अजून धरलेलीच नाही.

आता ताऱ्यांचं बघू. पोकेमॉन उघडा, उजवीकडे खालच्या मेनूतून अप्रेझ निवडा. अटॅक, डिफेन्स आणि एचपी (हेल्थ) अशा तीन पट्ट्या दिसतील, प्रत्येक 0 ते 15. तिन्हींची बेरीज 37 ते 44 असेल तर थ्री स्टार, पूर्ण 45 असेल तर फोर स्टार, आणि 22 पर्यंत एकही तारा नाही. रानात सापडलेला फोर स्टार 4096 त एक, रेडमधला 216 त एक (तिथे प्रत्येक पट्टी किमान 10 असते). दुर्मीळ आहे म्हणून आनंद होतो, तो व्हायलाच हवा. पण माचॅम्पचा मूळ अटॅक 234 आहे. पट्टी पूर्ण भरली तर 249, 10 असेल तर 244. फरक दोन टक्के! अगदी 0 असली तरी सहा टक्क्यांच्या आसपास.

लेव्हलचा फरक याहून कितीतरी मोठा. लेव्हल 20 वरून 40 वर नेला की तोच माचॅम्प साधारण 32 टक्के जास्त जोरात मारतो. गेम लेव्हलचा आकडा सरळ दाखवत नाही, पण पॉवर अपचा, म्हणजे लेव्हल वाढवण्याचा, खर्च बघून कळतो: 2,500 स्टारडस्ट मागत असेल तर लेव्हल 20 च्या आसपास, 5,000 तर 30, 10,000 तर 40. अदलाबदलीत लकी ठरलेल्या पोकेमॉनला हाच खर्च निम्मा, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून रेडसाठी माझा क्रम ठरलेला आहे: समोरच्याचा टाइप, मग आपले मूव्ह, मग लेव्हल, आणि तारे सगळ्यात शेवटी. मूव्ह चुकीचे असतील तर ते बदलणाऱ्या वस्तू वापरा: भरभर मारायच्या मूव्हसाठी फास्ट टीएम, एनर्जी भरली की मारायच्या मूव्हसाठी चार्ज्ड टीएम. टीएमने कुठला मूव्ह येईल ते आपल्या हातात नसतं. मला डायनॅमिक पंचसाठी चार चार्ज्ड टीएम लागले, पण वाया गेले असं एकदाही वाटलं नाही.

ग्रेट लीग, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी लढत, खेळायची असेल तर मात्र ताऱ्यांचं गणित उलटं फिरतं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. तिथे सीपीला, म्हणजे पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याला, 1500 ची मर्यादा. सीपी काढताना अटॅक पूर्ण धरतात, डिफेन्स आणि एचपीचं मात्र वर्गमूळ. म्हणजे अटॅकची पट्टी भरलेला पोकेमॉन लवकर 1500 ला टेकतो. अटॅक 0 किंवा 1 आणि बाकी दोन पट्ट्या भरलेल्या असतील, तर तो आणखी वरच्या लेव्हलपर्यंत जातो आणि जास्त वेळ टिकतो. लेक असे वन स्टार, टू स्टार प्रोफेसरकडे पाठवून द्यायची, म्हणजे काढून टाकायची. आता आधी मला दाखवते.

माझा ग्रेट लीगचा स्वॅम्पर्ट असाच आहे. मड शॉटने त्याची एनर्जी भराभर भरते, आणि हायड्रो कॅननला फक्त 40 एनर्जी लागते. त्यामुळे समोरच्याची शिल्ड, म्हणजे मार अडवणारी ढाल, लवकर संपते. दुसरा चार्ज्ड मूव्ह म्हणून अर्थक्वेक घेतला, 10,000 स्टारडस्ट आणि 25 कँडी देऊन. माचॅम्पला दुसऱ्या मूव्हसाठी 50,000 लागतात, तेव्हा हा स्वस्तच. ग्रास टाइप समोर आला की लगेच बदलायचा, त्याला ग्रास 2.56 पट लागतं.

हायड्रो कॅनन 2019 च्या जुलैतल्या कम्युनिटी डेला, म्हणजे गेमच्या एका खास दिवसाला, आला. तुमच्या स्वॅम्पर्टकडे तो असेल तर साधा चार्ज्ड टीएम त्याच्यावर चुकूनही वापरू नका. तो एकदा गेला की साध्या टीएमने परत येत नाही, एलिट चार्ज्ड टीएम लागतो. तो मिळणं फार कठीण. माझ्याकडे एकच आहे, आणि तो मी अजून कुणावर लावलेला नाही.