गोव्यासमोरच्या समुद्रतळाखालचे बेसिन: गुरुत्व-मॉडेल कसे बांधावे

गोव्याच्या जमिनीवर गाळाचे खोल बेसिन, म्हणजे गाळाने भरलेला खोलगट भाग, नाही. जांभ्याच्या सड्याखाली धारवाड काळातले जुने खडक लागतात. जाड गाळ आहे तो पश्चिमेला, शेल्फवर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) आणि त्यापलीकडे अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमध्ये. त्याची जाडी गुरुत्व-विसंगतीवरून (मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वातल्या फरकावरून) काढताना बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो: मोहोची (कवच आणि त्याखालचे प्रावरण यांच्यातल्या सीमेची) खोली पक्की न करताच गाळाचा तळ ओढायला घेतात.

आधी हा हिशेब कागदावर करा. रुंद, सपाट थराचा परिणाम मिलिगालमध्ये (गुरुत्वाचे लहान एकक) = ४१.९३ × घनतेतील फरक (ग्रॅम प्रति घन सेमी) × जाडी किलोमीटरमध्ये. ३ किमी गाळ, सरासरी घनता २.३५, शेजारचा खडक २.६७ धरला तर उत्तर येते उणे ४०. आता खाली पाहा. कवच २.९, प्रावरण ३.३, मोहो १ किमी वर आला की अधिक १७. म्हणजे मोहो सुमारे २.४ किमी वर सरकला, की ३ किमी गाळाचा सगळा परिणाम पुसला जातो. बेसिन ताणामुळे तयार होते तेव्हा कवच पातळ होऊन मोहो वर येतोच, त्यामुळे ही अडचण प्रत्येक वेळी समोर उभी राहते.

माहिती गोळा करणे. खोल समुद्रासाठी उपग्रहाच्या उंचीमापनातून काढलेली १ मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) फ्री-एअर ग्रिड पुरते; फ्री-एअर म्हणजे फक्त उंचीची दुरुस्ती केलेली विसंगती. तिची अचूकता साधारण २ मिलिगाल. किनाऱ्यालगतच्या १०-२० किमी पट्ट्यात मात्र ती भरवशाची नाही, तिथे जहाजावरची मोजणी हवी. गोव्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जहाजाला एओत्वोश दुरुस्ती (जहाजाच्या वेगामुळे गुरुत्वात पडणाऱ्या फरकाची) दर नॉटला सुमारे ७.२ मिलिगाल लागते, वेगात ०.१ नॉटची चूक म्हणजे ०.७ मिलिगाल. जहाजाच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथले फरक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रोफाइल जमिनीवर चढवायची असेल तर स्टेशनची उंची नीट मोजा: १ मीटर चुकलात तर बूगेर विसंगतीत (उंचीबरोबर मधल्या खडकाचा परिणामही वजा केलेली) ०.२ मिलिगाल चूक. खाणपट्ट्यात आणखी एक फसगत होते. एसआरटीएमची (अंतराळयानावरच्या रडारने मोजलेली) उंची फेब्रुवारी २००० ची आहे. खड्डे आणि डंप त्यानंतरही वाढत गेले, म्हणून त्या उंचीवरून केलेली भूरूप दुरुस्ती (आसपासच्या उंच-सखलपणाची) तिथे चुकते. खाणीपासून दूर स्टेशन घ्या.

मॉडेलची आखणी. प्रोफाइल किनाऱ्याला काटकोनात घ्या. द्विमितीय मॉडेलमध्ये रचना कागदाच्या आत-बाहेर लांबवर तशीच आहे असे गृहीत असते. लक्ष्मी बेसिनमधल्या रमण किंवा पणिक्कर समुद्रपर्वतावरून रेषा गेली तर ते गृहीतक मोडते. दोन्ही टोकांना बहुभुज (मॉडेलमधल्या थरांचे आकार) काही शे किमी पुढे ओढा, नाहीतर कडेला खोटा उतार दिसतो. शेल्फ जिथे संपते तिथे फ्री-एअरमध्ये उंचवटा आणि उताराच्या पायथ्याशी खोलगट दिसणे स्वाभाविक आहे, ते बेसिन समजू नका. बूगेर नकाशा पाहण्यासाठी ठेवा. जुळवणी फ्री-एअरवर करा आणि पाणी १.०३ घनतेचा वेगळा थर म्हणून घाला. सागरी खोली ५० मीटरने चुकली तर सुमारे २ मिलिगाल तिथेच गेले.

घनता. संपूर्ण गाळाला एकच आकडा देऊ नका. वरचा सैल गाळ १.९-२.०, एक-दोन किलोमीटरवर २.२-२.३, तळाशी २.४-२.५५. भूकंपीय वेग हाती असेल तर गार्डनरचे सूत्र वापरा: ०.३१ × वेगाचे चौथे मूळ, वेग मीटर प्रति सेकंदात. ३००० ला २.२९ येते. बेसाल्ट आणि चुनखडकाला हे सूत्र लावू नका. आयओडीपीच्या (समुद्रतळ खोदून नमुने काढणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) ३५५ व्या मोहिमेत, २०१५ साली, यू१४५७ विहीर समुद्रतळाखाली सुमारे १०९० मीटरवर बेसाल्टला लागली. पण ही जागा १७ अंश अक्षांशाच्या उत्तरेला, लक्ष्मी रिजच्या (समुद्रतळावरच्या लांब उंचवट्याच्या) बाजूवर आहे. तिथल्या नमुन्यांवरून घनता घ्या. खोली गोव्याच्या प्रोफाइलवर आणून टाकू नका.

जुळवणीचा क्रम. आधी पाणी. मग भूकंपीय परावर्तन (थरांवरून परतणाऱ्या लहरींच्या) रेषांवरून गाळाचे वरचे थर, वेळेचे खोलीत रूपांतर करून. मग अपवर्तन (खोल थरांतून वाकून येणाऱ्या लहरींच्या) प्रोफाइलवरून मोहो. तो अपवर्तनाच्या बिंदूंवर खिळवून टाका, मधल्या भागात फक्त सौम्य वक्र येऊ द्या. शेवटी गाळाचा तळ हलवा. त्याआधी फिल्टर लावून ‘प्रादेशिक’ भाग (विसंगतीतला रुंद, सावकाश बदलणारा भाग) वजा करणे टाळा: रुंद बेसिनची आणि मोहोची तरंगलांबी एकमेकींत मिसळलेली असते, फिल्टर दोन्ही कापतो.

मोजलेली विसंगती आणि मॉडेलची विसंगती यांतला फरक २-३ मिलिगालवर आला की थांबा. त्याखाली जाण्यासाठी घातलेला प्रत्येक लहान दगड मोजणीतल्या गोंगाटाचे चित्र असतो.

शेल्फवर दख्खनचा बेसाल्ट गाळात असू शकतो. २.८ घनतेचा १ किमी बेसाल्ट विसरलात तर त्याचे जादा वजन गाळाची उणीव झाकते आणि बेसिन उथळ दिसते. लक्ष्मी बेसिनखालचे कवच ताणलेले खंडीय की सागरी, हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या कवचांच्या घनतांनी मॉडेल चालवा, गाळाची घनता ०.०५ ने आणि मोहो १ किमीने वर-खाली करा, आणि तळाची खोली एका रेषेने न दाखवता या सगळ्या धावांतून मिळालेल्या पट्ट्याने दाखवा.