जुनी भिंत मजबूत करायची आहे? या चुका टाळा

विटांच्या किंवा दगडी जुन्या भिंतीत सळई नसते. वरचा भार ती वर्षानुवर्षे निमूट पेलते, पण आडव्या धक्क्यापुढे कमी पडते. भूकंपात अशा भिंती बऱ्याचदा छतापासून आणि कोपऱ्यातून सुटतात आणि बाहेरच्या बाजूला कोसळतात. २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दर्शनी भिंती आणि गच्चीचे कठडे असेच रस्त्यावर आले आणि खालची माणसे गेली.

म्हणूनच, भिंत छताशी जखडून न घेता थेट जाड गिलावा करणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते. वासे भिंतीत नुसते टेकलेले असतील, तर ते लोखंडी पट्टी, आरपार बोल्ट आणि बाहेरून प्लेट लावून भिंतीशी जखडावे लागतात. वाशांना समांतर जाणाऱ्या भिंती हमखास विसरल्या जातात. त्यांना धरायला एकही वासा नसतो, म्हणून तिथली पट्टी आत दोन-तीन वाशांपर्यंत न्यावी आणि वाशांच्या मध्ये लाकडी ठोकळे बसवावेत. बोल्ट रसायनाने चिकटवणार असाल, तर काही बोल्ट ओढून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. भुसभुशीत विटेत ते सहज निसटतात.

दगडी भिंत जाड दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. अनेकदा आत दोन वेगळे थर आणि मध्ये भर असते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीच्या दरजांच्या अशाच जाड भिंती थर सुटून ढासळल्या. अशा भिंतीला आधी आरपार सांधणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे हवेत.

जाळी मारून गिलावा करताना जुना गिलावा काढा, दरजा १५-२० मिमी खोल कोरा, भिंत धुऊन ओली करा. जाळी शक्यतो दोन्ही बाजूंना असावी, आरपार तारांनी जोडलेली आणि कोपऱ्यात वळवून पुढे नेलेली. खिळ्यांवर लटकलेली जाळी गिलाव्यासकट सुटते.

चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंट नको. ओल आत कोंडते, क्षार फुटतात, विटेचे पापुद्रे निघतात.

ग्राउट, म्हणजे भिंतीतल्या पोकळ्या भरायचे पातळ मिश्रण, खालून वर, कमी दाबाने भरा. जास्त दाबाने कमकुवत भिंत फुगते.

हलके लाकडी छत काढून काँक्रीटचा स्लॅब टाकण्याचा मोहही आवरा. वजन वाढले की भूकंपाचा जोरही वाढतो. इटलीत १९९७ च्या उंब्रिया-मार्के भूकंपात कमकुवत दगडी भिंतींवर बसवलेल्या अशा जड छतांनी नुकसान वाढवले.

भेग बुजवण्याआधी ती वाढतेय का, ते पाहा. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली, तर कारण बहुधा पायात किंवा छताच्या रेट्यात शोधावे लागेल. भिंतीला फुगवटा दिसत असेल, तर ड्रिल लावू नका. आधी टेकू द्या, खालची ये-जा थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.